'सगळे दरवाजे उघडलेले नाहीत' म्हणजे नेमके किती? (मराठी वाक्य, तर्कशास्त्र आणि यंत्र)

भोगावती · मंगळवार, रात्री ९.१०

दुपारपासून पाऊस थांबायचं नाव घेत नाही. भावकीच्या गटावर मघाशी निरोप आला : "राधानगरी धरणाचे सगळे दरवाजे उघडलेले नाहीत." मावशी नदीकाठच्या चिखलीला असते. तिचा लगेच फोन, "म्हणजे सगळे बंद आहेत म्हणायचं का रे?" मला चटकन उत्तर देता आलं नाही.

मग हाच निरोप एका चॅटबॉटला दिला आणि विचारलं, किती दरवाजे उघडे आहेत? उत्तर आलं, "एकही नाही." पाच मिनिटांनी नव्याने सुरुवात करून विचारलं, काही दरवाजे उघडे असू शकतात का? उत्तर, "हो, असू शकतात." निरोप एकच, आणि दोन उत्तरं एकमेकांना छेद देणारी.

सूचना वाचून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारी यंत्रणा बनवणं हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून हे फार लागलं. दोन गोष्टी विचारायच्यात. एक, हे वाक्य तुम्हाला कसं ऐकू येतं? दोन, यंत्राने आधी वाक्याचं तर्कशास्त्रातलं रूप करावं आणि मग उत्तर द्यावं, की ढीगभर मजकूर वाचून जे जमेल ते पुरे? माझं मत पहिल्या बाजूला आहे. 'नाही', 'सगळे', 'च' ही एवढीएवढीशी अक्षरं वाक्याचा अर्थ उलटा करतात. तिथे अंदाज चालणार नाही.

तालीमवाला · रात्री ९.१४

काही उघडलेत, काही न्हाईत. मला तर सरळ असंच कळालं. ह्यात दुसरा अर्थ कुठनं आला भावा?

करवीरकन्या · रात्री ९.२२

@तालीमवाला, मोठ्याने म्हणून बघा. 'सगळे'वर जोर दिला की तुमचा अर्थ लागतो. 'सगळे दरवाजे' म्हणून क्षणभर थांबलात आणि मग 'उघडलेले नाहीत' म्हणालात, की सगळे बंद. निरोप लिहिलेला असतो, त्यात जोर कुठून दिसणार?

तरी माझा कौल तुमच्याच बाजूने. एकही उघडला नाही असं सांगायचं असतं तर माणूस 'एकही' म्हणाला असता. नेमका शब्द हाताशी असून वापरला नाही, त्यालाही अर्थ आहे.

उजळाईवाडी · रात्री ९.२५

मला 'सगळे बंद' असंच वाटलं. म्हणजे घोळ खरा आहे.

कंसातलं_सगळं · रात्री १०.०५

भोगावती, प्रश्न चांगला आहे. तीस वर्षं गणित शिकवलं, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही अर्थ कागदावर मांडू. पहिला : 'प्रत्येक दरवाजाबद्दल हे खरं, की तो उघडलेला नाही.' दुसरा : 'प्रत्येक दरवाजा उघडलेला आहे, हे खरं नाही.' शब्द तेच, फक्त 'नाही' एकदा कंसाच्या आत आहे आणि एकदा बाहेर. 'नाही'ची सत्ता किती शब्दांवर चालते, एवढाच प्रश्न. गोटलोब फ्रेगे यांनी १८७९ साली 'प्रत्येक' आणि 'कोणीतरी' यांना चिन्हांच्या भाषेत बसवलं, ते एकमेकांच्या पोटात कसे जातात हे दाखवलं, तेव्हापासून हा फरक नेमका लिहिता येतो. त्याआधीच्या तर्कशास्त्राला 'प्रत्येक पैलवान कुठल्यातरी वस्तादाला मानतो' हे वाक्य धड पेलत नव्हतं. वस्ताद एकच की ज्याचा त्याचा वेगळा?

पण फ्रेगेंचा रोजच्या बोलीवर भरवसा नव्हता. तो ठेवला रिचर्ड माँटेग्यू यांनी. १९७० च्या सुमारास त्यांनी ठामपणे मांडलं, की नैसर्गिक भाषा आणि तर्कशास्त्रज्ञांच्या कृत्रिम भाषा यांत तत्त्वतः महत्त्वाचा फरक नाही. १९७१ साली त्यांचा मृत्यू झाला, आणि त्यांचा सगळ्यात गाजलेला निबंध १९७३ मध्ये छापून आला. त्यातली मला सर्वांत आवडणारी युक्ती सांगतो. 'सगळे पैलवान' हे कुणाचं नाव? खासबागेच्या हौद्यात 'सगळे पैलवान' नावाचा कुणी उभा नसतो. माँटेग्यू म्हणतात, हा शब्दसमूह म्हणजे गुणांचा संच : जो जो गुण प्रत्येक पैलवानात आहे, ते सगळे गुण. मग 'सगळे पैलवान दमले' म्हणजे 'दमलेला असणं' हा गुण त्या संचात आहे. 'एक पैलवान', 'एकही पैलवान नाही', इतकंच काय, एखाद्या पैलवानाचं नुसतं नावसुद्धा याच साच्यात बसतं. शब्द जोडत जाल तसा अर्थ जोडला जातो, मध्ये कुठेही हात फिरवावा लागत नाही. वर्गात हे पहिल्यांदा शिकवलं त्या रात्री मला आनंदाने झोप आली नव्हती.

निळा_दिवा · रात्री १०.३१

सर, सुंदर लिहिलंत. पण थोडा विरोध नोंदवतो. मी मूळचा शाहूपुरीचा, आता पुण्यात याच क्षेत्रात आहे.

माँटेग्यूंनी हाताळला तो इंग्रजीचा एक लहानसा तुकडा. त्याच काळात टेरी विनोग्राड यांनी एमआयटीत एक प्रणाली केली. पडद्यावरचे रंगीत ठोकळे, पिरॅमिड आणि पेटी यांच्याबद्दल तिच्याशी बोलता यायचं आणि ती चोख उत्तरं द्यायची. मात्र ठोकळ्यांचं जग सोडून बाहेर पाऊल टाकलं की सगळं थांबायचं. हाताने नियम लिहीत बाजारापर्यंत, दवाखान्यापर्यंत, पुरापर्यंत जायचं तर आयुष्य पुरत नाही. डग्लस लेनट यांनी १९८४ पासून साधं व्यवहारज्ञान तर्काच्या भाषेत लिहून काढण्याचा ध्यास घेतला. ते काम दशकानुदशकं चाललं आणि तरी अपुरंच राहिलं.

आजची भाषा-प्रारूपं, म्हणजे चॅटबॉटच्या पोटातली यंत्रणा, २०१७ च्या ट्रान्सफॉर्मर नावाच्या रचनेवर उभी आहेत. प्रचंड मजकुरातून पुढचा तुकडा कोणता हे ओळखायला ती शिकतात. कुणी 'प्रत्येक'चा नियम लिहून दिलेला नसतो, तरी बहुतांश वेळा बरोबर येतं. नकाराशी मात्र त्यांची झटापट होते, हे कबूल. त्यात मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फार थोडा, आणि यंत्र वाचताना शब्दांचे तुकडे पाडतं, त्यात शब्दांना चिकटलेले आपले प्रत्यय कसेही कापले जातात. 'सगळेच'मधला 'च' कुठल्या तुकड्यात गेला, हे नशिबावर.

तालीमवाला · रात्री १०.३३

'च' वरनं आठवलं. 'नादच करायचा न्हाई' ह्यातला च काढला तर सगळी हवाच जाती वाक्यातली.

करवीरकन्या · रात्री १०.४८

:) तालीमवाला, हे गमतीत घेऊ नका, मुद्दा खरा आहे. हे बघा :

दादांनी पांढरा रस्साच घेतला. (तांबड्याला हात लावला नाही.)
दादांनीच पांढरा रस्सा घेतला. (बाकी कुणी घेतला नाही.)
दादांनी पांढरा रस्सा घेतलाच. (नको नको म्हणत होतो, तरी घेतला.)

पहिल्या दोन वाक्यांत 'च' ताटात काय होतं ते बदलतो. तिसऱ्यात ताट तेच, बदलते ती आपली अपेक्षा. म्हणजे एकाच अक्षराची दोन वेगळ्या जातींची कामं झाली. आणि 'ही' घ्या : "दादांनीही घेतला का?" हा प्रश्न आहे, कुणी काही सांगितलेलं नाही, तरी दुसऱ्या कुणीतरी घेतलाय हे त्यात गृहीत आलंच. यंत्राला हे कळतंय का, ते असं जोड्या लावून तपासता येईल.

रसिक_राजारामपुरी · रात्री ११.०२

या सगळ्याची गरजच काय? नासानेच सांगितलंय, की संगणकासाठी संस्कृत सर्वोत्तम भाषा आहे. आपल्याकडे उत्तर तयार असताना फ्रेगे कशाला?

पोथीवाला · रात्री ११.४०

@रसिक_राजारामपुरी, मी संस्कृतचाच माणूस. या शास्त्रावर माझं प्रेम आहे म्हणूनच सांगतो, नासाने संस्था म्हणून तसं काही जाहीर केलेलं नाही. १९८५ साली रिक ब्रिग्ज या नासाच्या एम्स केंद्रातल्या संशोधकाने एका नियतकालिकात लेख लिहिला. आपल्या वैयाकरणांनी वाक्याचा अर्थ उलगडून सांगायची जी पद्धत बसवली, ती संगणकात माहिती मांडायच्या तेव्हाच्या ज्ञान-जाळ्यांशी किती जुळते, एवढं त्यात दाखवलं होतं. त्यावरून पुढे संदेश फिरत राहिले आणि मूळ मुद्दा हरवला. तो मुद्दा त्या संदेशांपेक्षा फार मोलाचा आहे.

पाणिनीची सहा कारकं घ्या : कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान, अधिकरण. प्रत्यय वेगळा, कारक वेगळं. मराठीत 'पोराने' आणि 'चाकूने' दोन्हीकडे 'ने', पण एक कर्ता आणि एक करण. 'आईने पोराला मारलं', 'आईने पोराला लाडू दिला' : 'ला' तोच, कारक वेगळं. क्रियापद मधोमध आणि सभोवती हे सहा संबंध, अशी मांडणी केली की शब्दांचा क्रम मोकळा असलेल्या आपल्या भाषांचं विश्लेषण सोपं होतं. याच पायावर आयआयटी कानपूरमध्ये भारतीय भाषांसाठी वर्षानुवर्षं काम झालं, १९९५ मध्ये त्यावर पुस्तकही आलं.

आणि नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, तर वाक्यातून बोध कसा होतो हाच प्रश्न धरून ठेवला. आकांक्षा (एका शब्दाला दुसऱ्याची गरज), योग्यता (अर्थांचा मेळ), सन्निधी (शब्द जवळजवळ येणं), तात्पर्य (बोलणाऱ्याचा हेतू). 'विस्तवाने शिंपतो' हे व्याकरणाने शुद्ध, पण विस्तवात शिंपण्याची योग्यता नाही, म्हणून बोध अडतो. 'सैंधव आण' म्हटलं तर मीठ आणायचं की घोडा? जेवताना मीठ, निघताना घोडा. हे तात्पर्य. भोगावतींच्या निरोपात अडलंय ते नेमकं इथे. आकांक्षा आहे, योग्यता आहे, सन्निधी आहे, फक्त तात्पर्य निरोपात उतरलेलं नाही.

रसिक_राजारामपुरी · रात्री ११.५१

समजलं. मी स्वतः तो संदेश पुढे पाठवला होता, आता गटावर दुरुस्ती टाकतो. धन्यवाद.

दूधकट्टा · बुधवार, पहाटे ५.२०

धारा काढून आलो, आता वाचलं सगळं. कंसातलं सर, एक सांगा. 'ज्याच्याकडं म्हैस हाय, तो तिला पेंड घालतो.' आमच्याकडं दोन म्हशी हायत. ह्या वाक्यातली 'तिला' म्हणजे कुठली? एकीला घातली आणि दुसरी उपाशी, तर वाक्य खरं का खोटं?

कंसातलं_सगळं · सकाळी ७.१५

दूधकट्टा, तुम्ही पहाटे पाच वाजता ज्या प्रश्नाला हात घातला, त्यावर तर्कशास्त्रज्ञांनी वर्षं घालवली आहेत. पीटर गीच यांनी १९६२ मध्ये तो गाढवाच्या मालकांबद्दल विचारला, म्हणून त्याला गाढव-वाक्य म्हणतात. आपण म्हैस-वाक्य म्हणू.

अडचण अशी. 'म्हैस हाय' म्हणजे 'निदान एक म्हैस आहे'. ते एक पूर्ण विधान झालं, कंस बंद. मग पुढच्या वाक्यातला 'तिला' त्या बंद कंसात हात घालतो कसा? कंस लांबवून बघितला तर वाक्याचा अर्थच बदलतो. आपल्याला हवा असलेला अर्थ आहे 'प्रत्येक शेतकरी, त्याची प्रत्येक म्हैस', पण वाक्यात 'प्रत्येक' कुठेच नाही! १९८१ मध्ये हान्स काम्प यांनी आणि त्याच सुमारास इरेने हाइम यांनी स्वतंत्रपणे यावर तोड काढली : वाक्याकडे एक सुटं विधान म्हणून बघू नका, ऐकणाऱ्याच्या मनातल्या वहीत भर घालणारी क्रिया म्हणून बघा. 'म्हैस हाय' म्हटलं की वहीत एक म्हैस नोंदली गेली, पुढचा 'तिला' त्या नोंदीकडे बोट दाखवतो. आपलं 'ज्याच्या... तो' हे जोडपं हेच काम उघडपणे करतं, म्हणून मराठीत हे वाक्य इतकं सहज वाटतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : एक उपाशी राहिली तर माझ्या लेखी वाक्य खोटं.

दूधकट्टा · सकाळी ७.२२

माझ्याबी लेखी. दुसरी म्हैस सोडायची न्हाई मग आपल्याला :)

करवीरकन्या · सकाळी ९.३०

'तिला'वरून. विनोग्राड यांचंच १९७२ चं एक प्रसिद्ध वाक्य आहे, त्या धर्तीवर पुढे, २०११ मध्ये, यंत्रांसाठी कसोटीही सुचवली गेली. नगरसेवकांनी आंदोलकांना परवानगी नाकारली, कारण त्यांना हिंसाचाराची भीती वाटत होती. 'त्यांना' म्हणजे कुणाला? आता 'भीती वाटत होती' काढून 'त्यांनी हिंसाचाराची भाषा केली होती' लिहा, 'ते' लगेच दुसरीकडे उडी मारतात. व्याकरणाने काहीच ठरवलं नाही, जगाच्या माहितीने निवाडा केला.

पण इंग्रजी कसोट्या भाषांतर करून वापरायच्या म्हटलं तर फसगत होते. 'नगरसेवकांनी'ऐवजी 'महापालिकेने' लिहिलं की 'तिला भीती वाटत होती' असं होतं आणि लिंगानेच उत्तर फुटतं. यंत्राला विचार करावाच लागत नाही. मराठीची कसोटी मराठीतच घडवायला हवी.

आणि ती पुण्यात घडवली तर कोल्हापुरात मोडेल. माझी आजी "मी बाजारला जातो" म्हणते, शेजारच्या काकू "मी आलो" म्हणतात. यंत्राने क्रियापदावरून बोलणारा पुरुष ठरवला तर आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका पुरुष होतील.

तालीमवाला · सकाळी ९.४१

अवांतर : पाव्हण्यानं निघताना 'येतो' म्हणायचं आणि जायचं. दुकान 'वाढवलं' म्हणजे बंद केलं. नारळ 'वाढवला' म्हणजे फोडला. आणि ताट वाढलं म्हणजे खरंच वाढलं. यंत्राला कोल्हापुरात राहायलाच आणावं लागंल.

निळा_दिवा · सकाळी १०.१०

तालीमवाला, ही तुमची 'वाढवणे'ची उदाहरणं यंत्राला मजकुरातून छान शिकता येतात. शेजारी दुकान आलं की नारळ, त्यावरून अर्थ ठरतो. मी काल म्हणत होतो ते हेच. शब्दाचा अर्थ संगतीने कळतो. पण रात्री झोपताना भोगावतींच्या वाक्यावर विचार करत होतो. तिथे शेजारचे शब्द दोन्ही अर्थांना तेच आहेत. संगत काहीच सांगत नाही. तिथे मला त्यांचं म्हणणं पटायला लागलंय.

त्याच ओघात एक भर. 'बहुतेक दरवाजे बंद आहेत.' याचे किती अर्थ?

पोथीवाला · सकाळी १०.२५

वा! राधानगरीच्या सातातले निम्म्याहून जास्त दरवाजे बंद, किंवा 'मला वाटतं दरवाजे बंद असावेत'. एकात मोजणी, एकात बोलणाऱ्याची खात्री. रोज वापरतो आणि कधी लक्षात आलं नव्हतं.

कंसातलं_सगळं · सकाळी १०.४०

आणि मोजणीचा अर्थ घेतला तरी गंमत आहे. 'निम्म्याहून अधिक' या अर्थाचा 'बहुतेक' फ्रेगेंच्या 'प्रत्येक' आणि 'कोणीतरी' यांतून कितीही जोडाजोड केली तरी तयार होत नाही. बार्वाइज आणि कूपर यांनी १९८१ मध्ये याचा नीट ऊहापोह केला. त्यासाठी माँटेग्यूंचे गुणांचे संच लागतातच.

पाटाचं_पाणी · दुपारी १२.०५

नमस्कार. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. धागा काल रात्रीपासून वाचतोय. तर्कशास्त्र कळत नाही, दरवाजे कळतात.

राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला गेलं की ते आपले आपण उघडतात, पाणी उतरलं की मिटतात. त्यामुळे 'दरवाजे उघडले' हे वाक्य वाचून लोक विचारतात, "कुणी उघडले? रात्रीच का उघडले?" कुणी उघडलेले नसतात. दरवर्षी या एका शब्दावरून शिव्या खाल्ल्यात आम्ही.

दुसरं, आम्ही 'सगळे', 'काही', 'बहुतेक' असं कधी कळवत नव्हतो. दरवाजाचा नंबर कळवायचो. तीन नंबर उघडा, सहा नंबर उघडा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळीसुद्धा फुटात आणि इंचात. एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीसला धोका. 'नदी भरपूर आहे' असं कुणी लिहिलं तर साहेब कागद परत पाठवायचे.

पोथीवाला · दुपारी १२.३०

काका, तुमच्या पहिल्या मुद्द्यावर वैयाकरणांनी पुष्कळ लिहिलंय. 'स्थाली पचति', म्हणजे भांडं शिजवतं. खरं तर शिजवणारा माणूस, भांडं हे अधिकरण. पण बोलणाऱ्याच्या मनात असेल तर भांड्यालाही कर्तेपण देता येतं. कारक विवक्षेवर अवलंबून. मराठी 'उघडणे' तर दोन्हीकडे चालतं : 'त्याने दरवाजा उघडला' यात दरवाजा कर्म, 'दरवाजा उघडला' यात तोच कर्ता असू शकतो. यंत्राने दुसऱ्या वाक्यातही लपलेला माणूस शोधला, तर ते पुराच्या रात्री नसलेल्या माणसावर दोष ठेवेल.

भोगावती · दुपारी १.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळपासून करवीरकन्यांची पद्धत वापरतोय. वाक्य द्यायचं, त्याखाली दुसरं वाक्य द्यायचं, आणि विचारायचं : पहिलं खरं असेल तर दुसरं खरंच असलं पाहिजे का, असूच शकत नाही का, की सांगता येत नाही? 'सगळेच काही उघडलेले नाहीत' दिल्यावर माणूस एका फटक्यात सांगतो, काही उघडे आहेत. तिथला 'काही' मोजणीचा नाहीच, तो फक्त 'नाही'ला बाहेरच्या कंसात ओढतो. यंत्र मात्र त्या 'काही'ला धरून बसलं आणि 'काही उघडलेले नाहीत' एवढंच सांगत राहिलं. 'च', 'ही', 'काही', या तीन चिमुकल्या शब्दांनीच सगळी परीक्षा घेतली.

माझं कालचं मत थोडं बदललंय. प्रत्येक वाक्याचं आधी सूत्र करा, हा हट्ट सोडतो, कारण सूत्र करणारं यंत्रही दोनातला एकच कंस निवडून मोकळं होईल. पण वाक्यातून काय निघतं आणि काय निघत नाही, हे तपासायला तर्कासारखं दुसरं साधन मला दिसत नाही. आणि जिथे दोन अर्थ खरोखर शिल्लक राहतात, तिथे यंत्राने एक गपकन गिळू नये, उलट विचारावं : तुम्हाला यातलं कोणतं म्हणायचंय? मावशीने मला तेच विचारलं होतं.

आपण मिळून मराठीच्या अशा जोड्या लिहू या का? म्हैस-वाक्य, पांढरा रस्सा, बहुतेक, येतो, आजीचं 'जातो', सगळं त्यात घेतो.

दूधकट्टा · दुपारी २.०५

माझ्याकडनं चार-पाच येतील. धार, पेंड, सोसायटी ह्यावर.

करवीरकन्या · दुपारी २.११

मी 'तरी', 'तर' आणि 'च' घेते. आजीकडून तिची वाक्यं लिहून घेते, तिच्याच शब्दांत.

उजळाईवाडी · दुपारी २.३०

हे सगळं ठीक, पण मूळ निरोपाचं काय झालं? किती उघडे होते शेवटी?

पाटाचं_पाणी · दुपारी ३.१५

फोन करून विचारलं. काल रात्री नऊला ३ आणि ६ उघडे होते. आत्ता ३, ४, ५ आणि ६ उघडे. १, २ आणि ७ मिटलेले.

भोगावती · दुपारी ३.१८

मावशीला असंच्या असं पाठवलं. तिने जनावरं सोनतळीकडे हलवायला घेतलीत.